फरक पडला म्हणजे किती पडला?

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या संस्थात्मक नैतिकता समित्यांच्या सदस्यांस,



पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे सिनॉप्सिस मंजुरीसाठी तुमच्यापुढे येतात. त्यातला एक साचा तुमच्या चांगला ओळखीचा असेल. गुडघ्याची झीज झालेले चाळीस रुग्ण घ्यायचे. शंभर मिलिमीटरच्या रेघेवर दुखणं कुठे आहे त्याची खूण त्यांच्याकडून करून घ्यायची. सहा आठवडे उपचार द्यायचा, पुन्हा खूण करून घ्यायची. मग शेवटच्या पानावर एक ओळ: ‘पेअर्ड टी-टेस्ट वापरण्यात येईल, पी-व्हॅल्यू 0.05 पेक्षा कमी आल्यास उपचार परिणामकारक मानण्यात येईल.’ गुडघ्याऐवजी कंबर असेल, आम्लपित्त, दमा, सोरायसिस, अर्धशिशी असेल. शेवटची ओळ तीच असते.

मी संख्याशास्त्र शिकवतो. ती ओळ पुष्कळदा माझ्यासारख्याच कुणीतरी सांगितलेली असते, म्हणून हे पत्र विद्यार्थ्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. पहिल्या रुग्णाची संमतीपत्रावर सही होण्याआधी ज्यांना ‘थांबा’ म्हणता येतं, असे तुम्हीच आहात. काम संपल्यावर आकडे घेऊन कुणी आमच्याकडे आला तर आम्हाला फारसं काही करता येत नाही.

आधी त्या टी-टेस्टचंच पाहू. समजा चाळीस जणांच्या दुखण्याची सरासरी 72 मिमीवरून 58 वर आली. सरासरी घट 14, पी-व्हॅल्यू 0.001 पेक्षाही कमी. विद्यार्थी खूश, गाइड खूश. आता हेच चाळीस जण उलगडून पाहू. बारा जणांचं दुखणं 50 मिमीने उतरलं. वीस जणांचं तसूभर हललं नाही. आठ जणांचं 5 मिमीने वाढलं. गणित करून बघा: सरासरी 14 येते, आणि पी-व्हॅल्यूही तशीच चोख येते. मात्र या चाळिसांत 14 मिमीने बरा झालेला एकही माणूस नाही. मधला रुग्ण काढला, म्हणजे मध्यक घेतला, तर घट शून्य येते. बारा जणांना भरघोस गुण आणि बाकीच्यांना काहीच नाही, ही फार महत्त्वाची बातमी आहे. ते बारा कोण? वय कमी? वजन कमी? झीज पहिल्या टप्प्यातली? पुढच्या डॉक्टरला उपयोगी पडेल असं जे काही त्या अभ्यासात होतं, ते ‘72 वरून 58’ या ओळीखाली गाडलं गेलं.

म्हणून पहिला प्रश्न असा हवा: रुग्णाच्या लेखी किती फरक म्हणजे फरक? हा प्रश्न गणिताचा नाही, त्याचं उत्तर रुग्णाकडे असतं. ओपीडीत डॉक्टर विचारतात, ‘काय आजी, फरक पडला का?’ आजी म्हणतात, ‘पडला की. आठ आणे हाय उतार.’ शेजारच्या बाकावरचा म्हातारा त्याच वेळी ‘माझा पावलीभर बी न्हाई’ असं सांगून मोकळा होतो. समोरचा विद्यार्थी मात्र मान खाली घालून मिलिमीटर मोजत असतो आणि आणे कुठेच लिहून घेत नाही.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 1989 मध्ये याच गोष्टीला शिस्त लावली. हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या रुग्णांना त्यांनी प्रश्नावलीही भरायला दिली आणि सरळही विचारलं: आधीपेक्षा बरं आहे, तसंच आहे, की वाईट? ज्यांनी ‘थोडं बरं आहे’ म्हटलं, त्यांचे गुण किती बदलले ते पाहिलं. रुग्णाला जाणवणारा किमान फरक त्यातून मिळाला. सात गुणांच्या मापावर तो प्रत्येक प्रश्नामागे साधारण अर्धा गुण होता. पुढे 2001 मध्ये दीर्घकाळच्या वेदनेच्या दहा चाचण्यांतल्या 2724 रुग्णांची माहिती एकत्र करून अमेरिकेत हेच पाहिलं गेलं. शून्य ते दहाच्या मापावर साधारण दोन गुणांची किंवा 30 टक्क्यांची घट झाली की रुग्ण ‘बराच आराम आहे’ म्हणतात, असं दिसलं. आजींच्या हिशेबात सोळा आण्यांतले पाच आणे. मग सिनॉप्सिसमध्ये ‘किमान 30 टक्के घट झालेल्या रुग्णांचं प्रमाण’ हा निकष आधीच का लिहायचा नाही? त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

‘आधीच’ या शब्दावर मी जोर देतो आहे, त्यामागे ब्रिटनमधला एक मोठा वाद आहे. दीर्घ थकव्याच्या आजारावरच्या ‘पेस’ या चाचणीत 641 रुग्ण होते. तिचे पहिले निष्कर्ष 2011 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. शारीरिक क्षमता शून्य ते शंभर अशा मापावर मोजली होती, शंभर म्हणजे उत्तम. चाचणीत प्रवेश मिळायला गुण 65 किंवा त्याहून कमी हवे होते, म्हणजे 65 गुणांचा माणूस आजारी. मूळ आराखड्यात ‘बरा झाला’ म्हणण्यासाठी 85 ची रेघ होती. नंतर ती 60 वर आणली गेली. आता बघा, 65 गुणांनी आत आलेला रुग्ण आणखी खालावून 60 वर गेला, तर क्षमतेच्या निकषावर तो ‘बरा’ ठरू शकत होता. पूर्ण बरं झाल्याच्या व्याख्येत इतरही निकष होते आणि संशोधकांनी आपल्या निर्णयाचं समर्थन केलं, हे सांगायला हवं. पण ती रेघ काढली कशी, हे संख्याशास्त्राच्या प्रत्येक वर्गात शिकवण्याजोगं आहे. सर्वसाधारण प्रौढांची सरासरी 84, प्रमाण विचलन 24, वजाबाकी केली, आले 60. ही रीत घंटेच्या आकाराच्या आलेखाला चालते. शारीरिक क्षमतेचा आलेख तसा नसतो. धडधाकट माणसं शंभराच्या आसपास दाटलेली असतात आणि वृद्ध, आजारी माणसांची एक लांब शेपटी खाली गेलेली असते. ती शेपटी सरासरीला खाली ओढते, विचलन फुगवते आणि ‘सामान्य’ची हद्द आजाराच्या हद्दीत नेऊन ठेवते. न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर 2016 मध्ये मूळ आकडे बाहेर आले. इतरांनी ते जुन्या निकषांवर तपासले, तेव्हा सर्वांत चांगल्या गटांतलं 22 टक्क्यांचं ‘बरं होणं’ एक आकडी झालं. नियंत्रण गटाहून त्यात फारसा फरकही उरला नाही. आकडे कुणी बदलले नव्हते. रेघ हलली होती, तीही चाचणी सुरू झाल्यानंतर.

चाळीस रुग्णांच्या थिसिसमध्ये इतकं काय, असं वाटेल. पण त्यातही रेघ हलतेच. कुणी लपूनछपून हलवत नाही. ती कधी आखलेलीच नसते, त्यामुळे शेवटी जिथे सोयीची तिथे आखली जाते. प्रश्नावली चार, वेळा तीन, गट दोन. एवढ्यात कुठे ना कुठे 0.05 च्या खाली सापडतंच.

दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षाही जास्त सलते. जुनाट आजार चढउतारांचा असतो. गुडघा रोज सारखा दुखत नाही. माणूस दवाखान्यात येतो तो दुखणं अंगावर काढता काढता असह्य झालं की. त्यात अभ्यासाची अट ‘किमान 50 मिमी वेदना’ अशी असली, तर चढावर असलेलेच लोक आपण निवडून घेतो. सहा आठवड्यांनी त्यातले बरेच आपसूक खाली येणार, काही दिलं नाही तरी. फ्रान्सिस गॉल्टनने 1886 मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचे आकडे मांडून सरासरीकडे परतण्याचा हा गुणधर्म दाखवला होता. आमच्याकडे तो दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाठ असतो, आणि थिसिसच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

गुडघ्याचंच उदाहरण घ्या. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतला कचरा साफ करण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत एके काळी वर्षाला साडेसहा लाखांहून जास्त वेळा होत असे, प्रत्येकी सुमारे पाच हजार डॉलर खर्चून. नियंत्रण गट नसलेल्या अभ्यासांत जवळपास निम्मे रुग्ण आराम पडल्याचं सांगत. ‘आधी आणि नंतर’ची टी-टेस्ट लावली असती तर पी-व्हॅल्यू झळझळीत आली असती. ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काही डॉक्टरांनी 324 जणांना विचारलं: तुम्हाला खरी शस्त्रक्रिया मिळेल किंवा नुसती नकली, चालेल का? 144 जण नाही म्हणाले. उरलेल्या 180 जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटाचा गुडघा साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला, तिसऱ्याच्या कातडीवर फक्त छेद दिले आणि शस्त्रक्रियेचा सगळा देखावा केला, पाण्याच्या आवाजासकट. दोन वर्षं पाठपुरावा केला. 2002 मध्ये निकाल छापून आला: खऱ्या शस्त्रक्रियेचे दोन्ही गट नकली गटापेक्षा कुठल्याच टप्प्यावर सरस ठरले नाहीत.

तुमच्यापुढे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नकली शस्त्रक्रिया करावी, असं कोण म्हणेल? पण तुलनेचा गट हवाच. तो शक्य नसेल तर ‘परिणामकारक’ हा शब्द निष्कर्षात येणार नाही, एवढी अट तरी घाला.

दोन गट असले की सगळं ठीक, असंही नाही. इथे एक चूक इतकी रुळली आहे की तिला पद्धत समजलं जातं. अ गटात दुखणं 12 मिमीने उतरलं, पी 0.04. ब गटात 10 मिमीने उतरलं, पी 0.08. निष्कर्ष: अ परिणामकारक, ब नाही, म्हणून अ श्रेष्ठ. अहो, दोघांतला फरक 2 मिमीचा आहे! प्रत्येक गटाची स्वतःशीच तुलना झाली, दोन गटांची एकमेकांशी झालीच नाही. ती केली तर पी-व्हॅल्यू 0.8 च्या घरात जाईल. योग्य रीत अवघड नाही: शेवटच्या मापांची तुलना करायची आणि प्रत्येकाची सुरुवात कुठून झाली ते त्या गणितात धरायचं. याला अँकोव्हा म्हणतात. कुठल्याही विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर ती मिनिटात होते. टी-टेस्ट की विल्कॉक्सन, यावर मात्र बैठकांत लांबलचक चर्चा होते. तो वाद चुकीचा नाही, पण तुलनाच चुकीची असेल तर चाचणी कोणती, याला फारसा अर्थ राहत नाही.

आता ‘दोनदाच मोजणं’ या सवयीकडे येतो. मधुमेहात आपण एका सकाळच्या साखरेवर विसंबत नाही, एचबीए1सी बघतो, कारण एक सकाळ म्हणजे तीन महिने नव्हेत. वेदनेला एचबीए1सी नाही, पण पुन्हा पुन्हा विचारता येतं. एका मोजणीवर विसंबू नये, हे आपल्याकडे आधीच सांगितलं गेलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे हे जगातल्या नामांकित संख्याशास्त्रज्ञांपैकी एक. जागतिक अन्न व कृषी संघटनेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. पुढे त्यांनी कुपोषणाच्या मोजणीबद्दल एक मुद्दा लावून धरला: एकाच निरोगी माणसाचं खाणं दिवसागणिक, आठवड्यागणिक वर-खाली होतं, तेव्हा एका वेळच्या मोजणीवरून त्याला उपाशी ठरवू नका. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांशी त्यांचा त्यावर जो वाद झाला तो गाजला, आणि सुखात्म्यांचे सगळे निष्कर्ष मान्य करावेत असं मीही म्हणणार नाही. पण माणसामाणसांतला फरक वेगळा आणि एकाच माणसाच्या आतला चढउतार वेगळा, हा भेद त्यांनी ज्या आग्रहाने मांडला, तो आपल्याच मातीतल्या संशोधनात आज शोधावा लागतो.

त्या चढउताराची किंमत आकड्यात सांगतो. समजा वेदनेच्या मापाचं प्रमाण विचलन 20 मिमी आहे आणि मापाची विश्वासार्हता 0.8, जी चांगलीच म्हणायची. तर एका रुग्णात 25 मिमीपेक्षा कमी बदल झाला असेल, तर तो खरा बदल की नुसता चढउतार, हे दोन मापांवरून खात्रीने सांगता येत नाही. हे गणित जेकबसन आणि ट्रुआक्स यांनी 1991 मध्ये मांडलं, मानसोपचारात ते सर्रास वापरलं जातं. म्हणजे 14 मिमी बरा झालेला रुग्ण ‘सुधारला’ या रकान्यात टाकायला आपल्याकडे आधार नाही. पण दोन्ही टोकांना एकेक माप घेण्याऐवजी सात-सात दिवसांची सरासरी घेतली, तर ही धूसरता बरीच निवळते.

मोजायचं कसं, यातही फसगत आहे. रुग्णाला वही दिली की काम झालं असं वाटतं. जुनाट वेदनेच्या 80 रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास 2002 मध्ये ‘बीएमजे’त आला. त्यात काही जणांच्या वहीच्या बाइंडरमध्ये गुपचूप प्रकाशसंवेदक बसवला होता, वही कधी उघडली ते कळावं म्हणून. रुग्णांच्या नोंदींप्रमाणे 90 टक्के वेळा वही वेळेवर भरली होती. प्रत्यक्षात 11 टक्के. बरीचशी पानं बहुधा मागाहून, एकाच बैठकीत भरलेली. आपल्या शाळेतल्या सुट्टीतल्या शुद्धलेखनाच्या वह्या आठवत असतील, तर याचं नवल वाटणार नाही. म्हणून वहीपेक्षा फोन बरा. विद्यार्थ्याने आठवड्यातून एकदा संध्याकाळी फोन करावा, ‘आज शून्य ते दहात किती?’ विचारावं, लिहून ठेवावं. फॉलो-अपला एसटीने येऊन दिवसाची मजुरी बुडवणाऱ्या बाईलाही ते परवडतं.

फोनमुळे आणखी एक भोक बुजतं: गळती. चाळीस आले, एकतीस परतले, नऊ ‘वगळले’. या नऊ जणांपैकी कुणी पेरणीला गावी गेलं, कुणी पायी वारीला. त्यांच्या गैरहजेरीचा दुखण्याशी फारसा संबंध नाही. पण ज्याला काहीच गुण आला नाही म्हणून तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, त्याला वगळलं की उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारते. काही जण त्याचं शेवटचं माप पुढे ओढून भरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने 2010 मध्येच या सोप्या भरणीविरुद्ध बजावलं होतं. मिक्स्ड मॉडेल नावाची रीत प्रत्येक रुग्णाची जेवढी मापं हाती असतील तेवढी वापरते. लेअर्ड आणि वेअर यांनी ती 1982 मध्ये मांडली, आज ती मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिचीही मर्यादा आहे: माणूस आपल्या न मोजलेल्या दुखण्यामुळेच गेला असेल, तर तीही अंदाजच करते. म्हणून कोण का गेलं, हे विचारून लिहून ठेवणं कुठल्याही मॉडेलपेक्षा मोलाचं.

‘पद्धतशास्त्र बघणं हे वैज्ञानिक समितीचं काम, आम्ही रुग्णाची सुरक्षितता बघतो,’ असं तुमच्यातले काही म्हणतील. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत नैतिकता समितीने आराखड्याचा वैज्ञानिक पायाही बघावा, असंच अपेक्षित आहे. आणि सुरक्षितता म्हणजे फक्त दुष्परिणाम नव्हेत. ज्या अभ्यासातून उत्तर मिळूच शकत नाही, त्यासाठी एखाद्या बाईचे सहा आठवडे घेणं हेही तिचं नुकसानच. दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा, आणि तो मला जास्त खरा वाटतो: रुग्णसेवेच्या ड्युट्या सांभाळून एवढा वेळ कुठे? त्यांना सांगा, रुग्ण कमी घ्या, मोजा जास्त वेळा. चाळीस जणांची दोनदोन मापं सोडा, पंचवीस जणांची आठआठ घ्या. प्रत्येक रुग्णाची एक रेघ असा आलेख काढा. कुणाची रेघ उतरली, कुणाची सपाट राहिली, कुणाची मधेच तुटली, हे त्या एका चित्रात बिगर-डॉक्टर सदस्यालाही दिसतं.

माझी मागणी तुमच्या पुढच्याच बैठकीपुरती आहे. विद्यार्थ्याला सांगा, निकालाचा रिकामा तक्ता आखून आण. रकाने आखलेले, आकडे कोरे. त्यात किती फरकाला फरक म्हणणार, तो कुणाच्या तुलनेत, कितव्या आठवड्यात, आणि गळालेल्यांचं काय करणार, हे लिहिलेलं असेल. तोच मजकूर सीटीआरआयच्या नोंदणीत प्रमुख निष्पत्तीच्या रकान्यात, मोजणीच्या वेळांसह जाऊ दे. तिथे एकदा तारखेनिशी चढलेली रेघ नंतर गुपचूप हलवता येत नाही. तक्ता आखता आला नाही तर सिनॉप्सिस परत करा. विद्यार्थी चिडेल, गाइडचा फोन येईल. समितीत संख्याशास्त्राचं कुणी नसेल, तर जवळच्या महाविद्यालयाच्या संख्याशास्त्र विभागातून कुणाला तरी बोलवा. आमच्यातले बहुतेक जण चहावर येतात.

कळावे,
आपला,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक